वस्तीवर पोलिसी अत्याचार झाला, मोर्चा काढायचाय? आधी कागद, मग घोषणा

पोरगं रात्री उचललं, सकाळी सिव्हिलला नेलं, दुपारी ‘गेलं’ म्हणून निरोप आला. तासाभरात वस्तीवर दीडशे माणूस जमतं आणि कुणीतरी ओरडतं, “चला रे, स्टेशनला!” त्यानंतरच्या तीन-चार तासांत जे होतं, त्याची किंमत घरच्यांना पुढे पाच-सात वर्षं मोजावी लागते. मराठवाड्यात वीसेक वर्षं असे मोर्चे काढण्यात गेली. काही जमले, काही सपशेल फसले. दोन्हींच्या जोरावर हे लिहितोय.

एक प्रश्न आधीच निकालात काढू. “पोलिसांचा मार सगळ्यांनाच बसतो, त्यात जात कशाला आणता?” असं दर वेळी विचारलं जातं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला. पण गावात चोरी झाली की पहिली गाडी अजूनही पारध्याच्या पालावरच जाते. म्हणून निवेदनात जात स्पष्ट लिहा. ती लाजेने गाळली, तर अॅट्रॉसिटीचं कलम लावा म्हणायला पुढे तोंड राहत नाही.

घरच्यांना विचारल्याशिवाय काही नाही

मोर्चा मेलेल्या किंवा मार खाल्लेल्या माणसाच्या घरच्यांचा असतो; नेत्यांचा नाही, संघटनेचा नाही, तुमचा-माझाही नाही. आई, बायको, भाऊ यांच्यापाशी बसा. माणसं कमी ठेवा, मोबाइल खिशात ठेवा. तुम्हाला काय हवंय, एवढंच विचारा. कधी उत्तर येतं, “आधी त्याला घरी आणू द्या.” मग आधी तेच करायचं.

प्रेत ताब्यात घ्यायचं नाही, हा आपल्याकडे सर्रास काढला जाणारा हुकमी पत्ता. दबाव येतो, हे खरं. पण तो पत्ता टाकायचा अधिकार फक्त घरच्यांचा. शवागाराबाहेर दोन दिवस उन्हात बसलेली आई आणि तिच्या नावाने माईकवर “आम्ही माघार घेणार नाही” म्हणणारा पाहुणा पुढारी, हे चित्र मी पाहिलंय. पुन्हा बघायची इच्छा नाही.

त्याच दिवशी पाच अर्ज

घोषणा उद्याही देता येतात. हे अर्ज मात्र आजच गेले पाहिजेत. कोऱ्या कागदावर, हाताने लिहिले तरी चालतात.

१. शवविच्छेदन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, इन-कॅमेरा व्हावं आणि त्याचं चित्रीकरण व्हावं. अहवालाची प्रत घरच्यांना मिळावी.

२. पोलीस ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवावं. ठाण्याचं प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडा अशा जागी कॅमेरे हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सांगितलं. चित्रीकरण दीड वर्ष टिकवण्याची अपेक्षाही त्यात आहे. तारीख आणि वेळ घालून मागा. “कॅमेरा बंद होता” हे उत्तर येईलच. येऊ द्या, पण लेखी येऊ द्या.

३. कोठडीतल्या मृत्यूची दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी व्हावी. ही मेहरबानी नव्हे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये ती सांगितलेलीच आहे.

४. अटकेची नोंद, नातेवाइकाला कधी कळवलं त्याची नोंद आणि अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीचा कागद मिळावा. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली अटकेबद्दल घालून दिलेले नियम आता बरेचसे कायद्यातच आलेत.

५. राज्य आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे तक्रार.

पाचही अर्जांच्या दोन-दोन प्रती करा. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का, सही आणि वेळ घ्यायची. इथेच आम्ही एकदा तोंडघशी पडलो. मोर्चाचा अर्ज ठाण्यात दिला, समोरच्याने “ठेवा इथं, साहेब बघतील” म्हटलं, आणि आम्ही पोच न घेता चहा प्यायला बाहेर पडलो. मोर्चा झाल्यावर तेवीस जणांवर गुन्हा दाखल झाला. कारण काय, तर अर्जच आला नाही. तेव्हापासून माझ्या पिशवीत कायम कार्बन पेपर असतो. पोरं हसतात. हसू देत.

परभणीचं प्रकरण या जागी आठवावं. १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं आणि धरपकड झाली. त्यात पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला, कायद्याचं शिक्षण घेणारा तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना गेला. आजाराची भाषा झाली, पण शवविच्छेदनाच्या अहवालात अनेक जखमांमुळे आलेला शॉक असं कारण नोंदलं गेलं. निषेध राज्यभर झाले, परभणीहून मुंबईच्या दिशेने लाँग मार्चही निघाला. गुन्हा नोंदवायचा आदेश मात्र जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडून आला. तो मिळाला आईने लावून धरलेल्या याचिकेवर, आणि त्या याचिकेच्या तळाशी तो अहवाल होता.

परवानगी: अर्ज आपला, अटी त्यांच्या

शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ ने दिलाय. तरी जिल्ह्यात बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असतो. पाच किंवा जास्त माणसांनी विनापरवाना जमायचं नाही, असा तो आदेश. सण आला, निवडणूक आली की तो निघतो आणि पंधरा-पंधरा दिवसांनी पुन्हा निघतो. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बोटभर बातमी असते, ती बघत चला.

अर्ज ठाणे अंमलदाराकडे आणि प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्या. तारीख, सुरू होण्याची जागा, मार्ग, शेवट, वेळ, अंदाजे संख्या आणि तीन आयोजकांची नावं त्यात असावीत. संख्या फुगवू नका. गोपनीय शाखेचा माणूस साध्या कपड्यांत येऊन चहा घेता घेता विचारतोच, “दादा, किती येतील हो?” पाचशे येणार असतील तर पाचशेच सांगा. पाच हजार सांगितलेत तर तुमच्यापेक्षा जास्त खाकी दिसेल आणि बायामाणसं अर्ध्या रस्त्यातून परततील.

मोर्चाच्या आदल्या रात्री आयोजकांना नोटीस येते. गुन्हा घडू नये म्हणून पोलीस आधीच बजावतात ती; जुन्या संहितेत कलम १४९, नव्या संहितेत कलम १६८. लोक अजून ‘एकशे एकोणपन्नासची नोटीस’च म्हणतात. घाबरून सही टाळू नका. घ्या, वेळ टाकून सही करा, फोटो काढा, वकिलाला पाठवा. परवानगी नाकारली तर लेखी कारण मागा आणि मोर्चाऐवजी एकाच जागी धरणं मागून बघा. ते बऱ्याचदा मिळतं. मुंबईत तर आंदोलनाची जागा म्हणजे आझाद मैदानाचा राखून ठेवलेला भाग. मंत्रालयावर धडकण्याची भाषा भाषणापुरती.

दिवस, रस्ता, पाणी

कामाचा दिवस निवडा, निवेदन घ्यायला अधिकारी जागेवर हवा. पण वस्तीवरची माणसं रोजंदारीवर जातात, हेही धरा. दिवसभराचा मोर्चा म्हणजे घरटी एक-दोन हाजऱ्या बुडाल्या. मी अकरा ते दोन यापुढे जात नाही. आठवडी बाजार टाळा. मार्गावर देऊळ किंवा मशीद असेल तर आरतीची, नमाजाची वेळ टाळा. दवाखाना, शाळा आणि कोर्टाच्या शंभर मीटरांत भोंगा बंद.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून चालत आलेले शेतकरी सायनच्या सोमय्या मैदानात मुक्कामाला होते. सकाळी दहावीच्या पोरांचा पेपर, म्हणून ते रात्रीतच उठून आझाद मैदानापर्यंत चालत गेले. पाय फुटलेले होते. त्या एका रात्रीने मुंबईकर त्यांच्या बाजूला वळला. आमच्या बैठकांत मी हे दर वेळी सांगतो. आता पोरं मी तोंड उघडायच्या आधीच “सोमय्या, सोमय्या” करतात.

आणि पाणी. महाडला मार्च १९२७ च्या परिषदेला आलेल्या लोकांसाठी पाणी चाळीस रुपयांना विकत घ्यावं लागलं होतं. ज्या पाण्यासाठी जमायचं तेच विकत! आज टँकर सांगा, नाहीतर जार घ्या, पण मार्गावर दोन ठिकाणी पाणी ठेवाच. उन्हाने माणूस चिडतो, आणि चिडलेल्या गर्दीत बाहेरून घुसलेल्या माणसाचं काम सोपं होतं.

पहिला दगड

पहिला दगड ज्याच्या हातून सुटतो, त्याचं नाव कधीच कळत नाही. गुन्हे मात्र नावानिशी दाखल होतात, आणि दुसऱ्या दिवशी बातमी मेलेल्या माणसाची राहत नाही, फुटलेल्या काचांची होते.

याचा अर्थ शांत राहिलात तर काही होणार नाही, असा मात्र नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेमुळे लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. गॅसचे टँकर पेटवले जाणार होते, हा पोलिसांचा बचाव. चौकशी आयोगाने गोळीबार अनावश्यक ठरवला. संबंधित अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने दोषी धरायला २००९ उजाडलं. सांगायचं एवढंच की बचावाला आयतं निमित्त आपण पुरवायचं नाही.

पन्नास माणसांमागे एक स्वयंसेवक, हा माझा हिशेब. दंडाला पट्टी, गळ्यात बिल्ला, शिट्टी. वस्तीतलीच पोरं घ्या. ती चेहऱ्याने ओळखतात, अनोळखी माणूस लगेच कळतो. कुणी दगड उचलला तर मारामारी करायची नाही. चौघांनी भोवती हात धरून उभं राहायचं, बाकीच्यांनी जागच्या जागी खाली बसायचं. बसलेल्या गर्दीत दगड मारणारा उघडा पडतो. हे आदल्या संध्याकाळी विहारासमोर एकदा करून बघा. पहिल्यांदा सगळे खिदळतात, दुसऱ्यांदा जमतं. दोन पोरं नुसतं चित्रीकरण करतील, घोषणा देणार नाहीत. अॅम्ब्युलन्स आली तर रस्ता कोण मोकळा करणार, हेही नावानिशी ठरवा.

बायकांना पुढे ठेवायची पद्धत पडलीय, लाठी पडू नये म्हणून. मला ती पटत नाही. त्या पुढे असतील तर माईकही त्यांच्याकडे हवा आणि शिष्टमंडळातही त्याच हव्यात. नुसती ढाल म्हणून नको.

माईक कुणाकडे

माईक एकाच माणसाच्या ताब्यात, आणि तो माणूस भिडेखातर ‘हो’ म्हणणारा नको. मोर्चाची बातमी फुटली की गाड्या येतात, गाडीतून उतरणाऱ्याला पाच मिनिटं हवी असतात. बोलणाऱ्यांची यादी आदल्या दिवशी घरच्यांना दाखवून पक्की करा. भाषण चार मिनिटांचं. दुसऱ्या जातीधर्मावर घसरला की माईक बंद, लाजायचं नाही. घोषणा छापून वाटा. मागणी सांगणाऱ्या असाव्यात, कुणाच्या आईबहिणीवर जाणाऱ्या नकोत. पोलिसांत आपल्याच वस्त्यांतली पोरं असतात, आणि बंदोबस्तात उन्हात उभी तीच असतात.

कुणाला उचललंच तर

वकिलाचा नंबर मनगटावर पेनाने लिहून ठेवा. मोबाइल आधी काढून घेतला जातो. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करणं बंधनकारक आहे. अटकेचं कारण सांगायला हवं आणि घरी कळवायला हवं. अपवाद सोडता सूर्यास्तानंतर बाईला अटक नाही. बाहेर थांबलेल्यांनी ठाण्याला घेराव घालू नये. दोघांनी वकिलासोबत आत जावं, बाकीच्यांनी कुणाकुणाला नेलं त्याची वेळ घालून यादी करावी. दंडाधिकारी मारहाण झाली का विचारतात तेव्हा आपला माणूस मान खाली घालून “नाही” म्हणतो. झाली असेल तर “हो” म्हण आणि वळ दाखव, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

निवेदन दिल्यावर

शिष्टमंडळ पाच जणांचं, त्यात घरचे दोघं. मागण्या चारच्या वर नको. चौदा मागण्यांचं निवेदन मी दिलंय. त्यातली रस्त्यावरच्या दिव्यांची तेवढी मान्य झाली. “चौकशी करू” म्हटलं की कोण करणार, कधीपर्यंत, आणि संबंधित पोलीस तोवर त्याच ठाण्यात राहणार का, हे तिथेच विचारा. बाहेर आल्यावर जे घडलं तेच माईकवर सांगा, मग ‘संपला’ म्हणून जाहीर करा. आयोजक शेवटचा माणूस रिक्षात बसेपर्यंत थांबतात. पत्रावळ्या आणि बाटल्या उचलूनच निघायचं.

दुसऱ्या दिवशी एक जाड फाइल आणा. पहिल्या पानावर तारखांचा तक्ता, मग पोच घेतलेले अर्ज, मग फोटो. एका आईकडे हे सगळं मेडिकलच्या कॅरीबॅगेत होतं, घडी घडी मोडून, दोन पावसाळे काढलेलं. शिक्क्याची शाई उडून गेली होती. तेव्हापासून आम्ही प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढून एक संच वस्तीबाहेरच्या घरात ठेवतो. आणि मोर्चाला आलेल्यांपैकी सहा जणांची नावं त्याच संध्याकाळी वहीत लिहून घेतो: कोर्टाची तारीख लागली की पाळीपाळीने आईबरोबर कोण जाणार, एसटीचं भाडं कोण देणार, आणि त्या दिवशी तिच्या शेळ्या कोण बांधणार.