जुन्या फोर्डला नवे प्लग : अडॅप्टर बसवताना काय पाहायचं

रत्नागिरीत जुन्या गाड्यांचं काम शिकायला येणारी मुलं आयटीआय करून येतात. नव्या गाडीतला दोष शोधणारा स्कॅनर त्यांना तोंडपाठ असतो, पण समोर १९२९ ची फोर्ड मॉडेल ए आली की स्पार्क प्लगपाशी अडतात. तिच्या प्लगचे आटे ७/८ इंची, दुकानात मिळतात ते १४ मिलिमीटरचे. म्हणून बाहेरून ७/८ इंची आणि आतून १४ मिलिमीटरचे आटे असलेला अडॅप्टर लावायचा. याने गाडीचं अस्सलपण जातं असं मला वाटत नाही. हेडला, म्हणजे प्लग बसतो त्या इंजिनाच्या वरच्या झाकणाला, कुठेच हत्यार लागत नाही. अडॅप्टर काढला की गाडी होती तशी.

खरं काम पुढे आहे. प्लग अडॅप्टरमध्ये वॉशरसकट पूर्ण बसवा आणि खालच्या बाजूने पाहा. प्लगच्या आट्यांचा शेवट अडॅप्टरच्या तोंडाशी जुळला पाहिजे. प्लग आखूड पडला तर ठिणगी विहिरीच्या तळाशी पडल्यासारखी होते: पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण तिथे पोहोचत नाही, आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन हळू चालताना, मिसिंग सुरू होतं, प्लग काळा पडतो. लांब झाला तर उघडे आटे तापतात आणि ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटतं. प्लग बसवल्यावर चावी बंद ठेवून क्रँक हाताने फिरवा. आत काही टेकत नाही याची खात्री करूनच स्टार्टर मारा.

मग हीट रेंज, म्हणजे प्लग स्वतःची उष्णता किती धरून ठेवतो ते: धरून ठेवतो तो गरम, पटकन सोडतो तो थंड. या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबण्याचं प्रमाण, ४.२२ ला १, आजच्या गाड्यांच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे इथे गरम प्लग लागतो. नव्या गाडीचा थंड प्लग लगेच कार्बन धरतो. नंबर मात्र जपून वाचा. एनजीके कंपनीचा नंबर जितका मोठा तितका प्लग थंड. बॉशचं बरोबर उलट. आणि जुन्या गॅरेजवाल्यांच्या कपाटात मायको कंपनीचे डब्ल्यू १७५, डब्ल्यू २२५ असे तीन आकडी प्लग असतात, त्यांच्यात पुन्हा मोठा आकडा म्हणजे थंड. त्यामुळे नुसता नंबर सांगून प्लग मागू नका, कंपनीही सांगा. मी एनजीकेच्या ४ किंवा ५ पासून सुरुवात करतो. अगदी गरम टोकाला जात नाही, कारण अडॅप्टरमुळे मध्ये एक सांधा वाढतो आणि प्लगची उष्णता हेडपर्यंत सावकाश जाते.

मॉडेल एला प्लगच्या वायरी नसतात, डिस्ट्रिब्युटरपासून धातूच्या पट्ट्या येतात. म्हणून वरची टोपी फिरवून निघेल असाच प्लग घ्या. उंची बदलल्याने पट्टी वाकडी बसत असेल तर ती हेडच्या नटापासून लांब राहील अशी वळवा, नाहीतर करंट तिथेच उडी मारतो.

प्लगचा रंग दारात उभ्या गाडीवर बघू नका. हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाट चढवा, वर गेल्यावर कडेला घेऊन आयडलिंगला न ठेवता लगेच बंद करा. इंजिन निवलं की प्लग काढा. फिकट तपकिरी असेल तर जमलं. कोरडा काळा म्हणजे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) किंवा प्लग थंड. पांढराफटक निघाला तरी प्लगला लगेच दोष देऊ नका. पंपावरच्या पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलने मिश्रण लीन (हवा जास्त) होतं. डॅशखालच्या चोकची मूठ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने थोडी फिरवा, पेट्रोल वाढतं, आणि पुन्हा बघा.

आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात अडॅप्टर बिडाच्या हेडला गंजून धरतो. बाहेरच्या आट्यांना कॉपर ग्रीसचा पातळ हात द्या, ज्वलनाकडचे एक-दोन आटे कोरडे ठेवून. पावसाळ्याआधी एकदा आणि गणपती झाल्यावर एकदा तो सोडवून पुन्हा बसवा. प्लग खोलताना दुसऱ्या पान्याने अडॅप्टर धरा, नाहीतर दोन्ही एकत्र बाहेर येतात. पोर्सेलीनवर मिठाचा ओलसर थर बसतो, तो कोरड्या फडक्याने पुसत राहा.

प्लग तेलाने ओला निघाला तर गरम प्लग लावून वेळ मारून नेऊ नका, आधी पिस्टनच्या रिंगा तपासा. इथेही अडॅप्टर कामी येतो: सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या कॉम्प्रेशन गेजचा १४ मिलिमीटरचा पाईप त्यात थेट बसतो. चारही सिलिंडरचे आकडे वहीत लिहा. या इंजिनात ते मुळातच कमी येतात, म्हणून चौघांतला फरक बघायचा.