तालुक्यातल्या शालेय खेळाडूंचा आणि पंचांचा सत्कार : यादीपासून मंचापर्यंत

शालेय क्रीडा स्पर्धा तालुक्यातून सुरू होतात आणि जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशा पायऱ्या चढत जातात. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, त्यात मुलं-मुली वेगळे, शिवाय सांघिक आणि वैयक्तिक खेळ. हंगाम संपत आला की एखाद्या मोठ्या तालुक्यात सत्काराच्या यादीत पन्नास-साठ नावं सहज जमतात. हार, शाली, मंडप यांची व्यवस्था आठ दिवसांत होते. यादीला मात्र महिना लागतो आणि कार्यक्रमाची शोभा होते तीही तिथेच.

तारीख आधी, पाहुणे नंतर

बरेच जण २९ ऑगस्टचा राष्ट्रीय क्रीडा दिन धरतात. दिवस चांगला, पण तोवर आदल्या वर्षीची दहावीची मुलं शाळा सोडून गेलेली असतात, बारावीची तर गावही सोडून. चालू हंगामाचे तालुकास्तरही तेव्हा सगळे झालेले नसतात. त्यापेक्षा १५ जानेवारी सोयीची. खाशाबा जाधवांचा हा जन्मदिवस, राज्यात तो राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात, आणि बहुतेक खेळांचे जिल्हा-विभागाचे निकाल तोवर हाती आलेले असतात. कॅलेंडर मात्र बघून घ्या. संक्रांत काही वर्षी १४ला येते, काही वर्षी १५ला, आणि सणाच्या दिवशी पालक येत नाहीत. फेब्रुवारीत ढकललं तर दहावी-बारावीच्या परीक्षा आड येतात.

यादीची शेवटची तारीख ठरवा, उदाहरणार्थ ३१ डिसेंबर, आणि ती पहिल्याच पत्रात लिहा. त्यानंतरचा निकाल पुढच्या वर्षीच्या यादीत. एका शाळेसाठी ही रेषा हलवली की बाकीच्या दहा शाळांचे फोन सुरू होतात.

निवडणुकीची आचारसंहिता लागू असेल तर लोकप्रतिनिधी आणि सरकारी अधिकारी मंचावर येणार नाहीत. म्हणून प्रमुख पाहुणा तालुक्यातला जुना राष्ट्रीय खेळाडू किंवा ज्येष्ठ पंच ठेवा. तो वेळेवर येतो आणि शेवटपर्यंत बसतो, हा आणखी एक फायदा.

निकष कागदावर

सोपा निकष असा: राष्ट्रीय स्पर्धेत सहभाग, राज्यात पहिले तीन, विभागात पहिला. यातही एक पेच आहे. कमी खेळल्या जाणाऱ्या खेळांत किंवा एखाद्या वजनगटात प्रवेशिकाच एखादी येते आणि खेळाडू एकही लढत न खेळता वरच्या स्तरावर जातो. त्यात मुलाचा काही दोष नाही, पण राज्यात चार कुस्त्या मारून आलेल्या पोराशेजारी त्याला त्याच रांगेत उभं केलं की कुजबुज होते. म्हणून सत्कारासाठी शाळांकडून भरून घ्यायच्या प्रवेशिकेत ‘प्रत्यक्ष किती लढती / किती संघ’ असा रकाना ठेवा आणि किमान एक विजय ही अट घाला.

सांघिक खेळात पूर्ण संघ बोलवा. कबड्डीच्या संघात १२ जण असतात, मैदानावर ७ आणि राखीव ५. शाळा अनेकदा खेळलेल्या सातांचीच नावं पाठवतात आणि राखीव पाच पोरं खाली बसून टाळ्या वाजवतात. खेळाडूगणिक पदक आणि शाळेला एक सन्मानचिन्ह, ही वाटणी कुणाला खटकत नाही. एकच खेळाडू दोन खेळांत असेल तर मंचावर एकदाच बोलवायचा, पुकारताना दोन्ही निकाल वाचायचे.

नावं तपासणं

शाळांकडून तीन गोष्टी मागवा: मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची यादी, स्पर्धा प्रमाणपत्राची झेरॉक्स आणि पालकांचं संमतीपत्र. मूळ प्रमाणपत्र मागू नका, ठेवून तर अजिबात घेऊ नका. दहावी-बारावीच्या मुलांना ते क्रीडा गुणांच्या, म्हणजे खेळासाठी मिळणाऱ्या वाढीव गुणांच्या, प्रस्तावासाठी लागतं. मग जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या निकालपत्रकाशी यादी ताडून बघा. ‘राज्यस्तर’ असं लिहून आलेल्या काही स्पर्धा शालेय स्पर्धांच्या नसतात. खासगी संस्थांनी घेतलेल्या, नावात ‘राज्य’ किंवा ‘राष्ट्रीय’ असलेल्या स्पर्धा इथेच गळतात.

नाव शाळेच्या जनरल रजिस्टरप्रमाणे, देवनागरीतच लिहून घ्या. इंग्रजी प्रमाणपत्रावरून मराठीत उतरवायला बसलात की ‘काळे’चा ‘काले’ होतो, ‘शेळके’चा ‘शेलके’. छापायच्या आधी पूर्ण यादी क्रीडाशिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाका, तीन दिवसांची मुदत द्या आणि प्रत्येक शाळेकडून ‘तपासले’ असं उत्तर घ्या. नुसता अंगठा दाखवलेला धरू नका; तो न वाचताही उठतो. गटावर नाव, शाळा, खेळ आणि निकाल एवढंच जाऊ द्या. मुलांच्या जन्मतारखा आणि पालकांचे मोबाइल असलेला तक्ता तसाच पुढे ढकलला जातो, आणि मुलींच्या बाबतीत हा निष्काळजीपणा महागात पडतो.

पंचांची निवड

बहुतेक कार्यक्रमांत पंच आभार मानताना आठवतात. त्यांची यादी खेळाडूंच्या यादीबरोबरच सुरू करा. कबड्डीच्या एका सामन्याला सरपंच, दोन पंच, गुणलेखक आणि त्याचे दोन सहायक लागतात, खो-खोला वेळाधिकारीही. मैदानीला स्टार्टर, वेळ घेणारे, उडी मोजणारे. शिवाय पहाटे सहाला फक्कीचं घमेलं घेऊन मैदान आखणारा माणूस, तो तर कुठल्याच पत्रकावर नसतो. तालुका क्रीडा संयोजकाकडे नेमणुकीचे आणि हजेरीचे कागद असतात. त्यावरून किती दिवस, किती सामने, कोणत्या जागी काम केलं ते काढा. राज्य संघटनेची पंच परीक्षा यंदा उत्तीर्ण झालेले आणि पहिल्याच वर्षी मुलींच्या गटात उभ्या राहिलेल्या महिला पंच यांचा वेगळा उल्लेख करा.

शाळांचं मतदान घेऊन पंच निवडू नका. उपांत्य सामन्यात ज्याने शेवटची चढाई बाद दिली, त्याला हरलेली शाळा मत देत नाही. ज्या स्पर्धा अजून बाकी आहेत त्यांच्या पंचांना एखाद्या शाळेने पुरस्कृत केलेली भेट तर देऊच नका. पुढच्या सामन्यात त्याच्या प्रत्येक निर्णयाकडे बोट दाखवलं जाईल. पंचांच्या भेटीचा खर्च सामाईक निधीतून, सगळ्यांना सारखा. रोख पाकीट नको. आत गोळी नसलेली शिट्टी आणि चांगलं स्टॉपवॉच दिलं तर ते पुढचा हंगामभर खिशात राहतं.

काय द्यायचं

शाल-श्रीफळ ज्येष्ठांना शोभतं. ट्रॅकसूटमधल्या चौदा वर्षांच्या मुलीला शाल पांघरली की ती फोटोपुरतीच राहते. खेळाडूला पदक, गौरवपत्र आणि एक वापरायची वस्तू द्या: कबड्डी-खो-खोवाल्यांना नी-कॅप, धावपटूंना स्पाइक्स. स्पाइक्स द्यायचे तर प्रवेशिकेतच बुटाचा नंबर विचारा, आणि कार्यक्रमाला दोन महिने असतील तर महिनाभर आधी पुन्हा विचारा. या वयात पाय वाढतो.

गौरवपत्राला ‘प्रमाणपत्र’ म्हणू नका, त्यावर राजमुद्रा किंवा शिक्षण मंडळाचं चिन्हही छापू नका. क्रीडा गुणांच्या प्रस्तावाला किंवा पुढे नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाच्या पडताळणीला पालक चुकून हाच कागद जोडतात आणि प्रकरण परत येतं. २५० ते ३०० जीएसएमचा ए-फोर कागद पुरतो. लॅमिनेशन नको, सही-शिक्क्यावर प्लॅस्टिक चढलं की मागाहून दुरुस्ती करता येत नाही. मजकूर थोडका ठेवा:

‘कु. ______, ______ विद्यालय, यांनी शालेय क्रीडा स्पर्धा, सन ______, १७ वर्षांखालील मुली, ८०० मीटर धावणे, राज्यस्तर, यात तृतीय क्रमांक मिळवल्याबद्दल हे गौरवपत्र.’

‘उज्ज्वल’, ‘दैदीप्यमान’ वगैरे विशेषणं काढली की निकालाला मोठ्या अक्षरांत जागा मिळते. यादीहून पाच कोरी गौरवपत्रं आणि पाच पदकं जास्त करून घ्या, आणि चांगल्या अक्षराचा एक शिक्षक पेन घेऊन मंचामागे बसवा.

मंचावरचं गणित

४५ वैयक्तिक खेळाडू, प्रत्येकी ४० सेकंद: ३० मिनिटं. चार संघ, प्रत्येकी ४ मिनिटं: १६. आठ पंच, प्रत्येकी दीड मिनिट: १२. म्हणजे सत्कारालाच तासभर. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, आभार मिळून १५ मिनिटं, भाषणांना सगळी मिळून २०. दीड तासावर गेलात की लांबच्या वाडीवरची मुलं शेवटच्या एसटीसाठी उठायला लागतात. भाषणं सत्काराच्या मधे ठेवा, आधी नको. पहिल्या तुकडीत वैयक्तिक खेळाडू, मग पाहुण्यांचं बोलणं, मग पंच, शेवटी संघ. पंच मधे असले की सभागृह भरलेलं असताना त्यांना टाळ्या मिळतात.

आल्याबरोबर प्रत्येकाच्या हातात क्रमांकाची चिठ्ठी द्या. दहा-दहाची तुकडी पायऱ्यांशी उभी करा. गौरवपत्रं पुकारण्याच्या क्रमाने, दहाचा एक गठ्ठा करून रबर लावून ठेवा. गैरहजर खेळाडूचं गौरवपत्र लगेच वेगळ्या खोक्यात गेलं पाहिजे. ते गठ्ठ्यात राहिलं की तिथून पुढे प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याचंच नाव पडतं, आणि गोंधळ पालकांच्या लक्षात येईपर्यंत पंधरा जण होऊन गेलेले असतात. फोटोसाठी मंचावर खडूने फुली मारा. देणारा आणि घेणारा दोघं तिथेच थांबतील.

मैदानावर दुपारी चारचा कार्यक्रम असेल तर मंच पूर्वेकडे, पश्चिमेला तोंड करून घाला. प्रेक्षकांच्या पाठीवर ऊन येतं आणि खेळाडूंचे चेहरे उजळ निघतात. डोळ्यांवर तिरीप येऊ नये म्हणून मंचावरचं छत थोडं पुढे काढा. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून आठ दिवस आधी घ्या.

नंतरची कामं

गैरहजरांची गौरवपत्रं आठवड्यात शाळेत पोचवा आणि पोच घ्या. झेरॉक्स प्रती वर्षभर ठेवा, मग फाडून टाका. अंतिम यादी दुरुस्त्यांसह प्रत्येक शाळेला द्या, म्हणजे व्हरांड्यातल्या सन्मान फलकावर रंगवता येईल. वर्ष, नाव, खेळ, वयोगट, स्तर, क्रमांक असे सहा रकाने पुरतात. पेंटरला हाताने लिहिलेला कागद देऊ नका, छापील द्या, आणि वरचे दोन कोट देण्याआधी रंगवलेली नावं वाचून बघायला क्रीडाशिक्षकाला एकदा शिडीवर चढवा.