नेरूळहून कूपरेजला : मुंबईच्या फुटबॉल लीगची ओळख

कोल्हापुरातून नोकरीनिमित्त नवी मुंबईत आलेल्या आणि सामानात न विसरता फुटबॉलचे बूट घेऊन आलेल्या मंडळींसाठी हे लिहीत आहे. मी २००९ साली नेरूळला राहायला आलो, तेव्हा गावी जसे पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळतो तसे इथे राहत्या नोडच्या, म्हणजे नवी मुंबईतल्या आपल्या वसाहतीच्या, संघाकडून खेळू, अशी माझी भाबडी कल्पना होती. इथे संघ पेठेचा नसतो. तो बँकेचा, रेल्वेचा, एखाद्या अकादमीचा किंवा चार हौशी मित्रांनी नोंदवलेल्या क्लबाचा असतो, आणि त्याचा पत्ता कुलाब्याचा असला तरी खेळाडू विरार ते पनवेल कुठूनही येतात. पाटाकडील विरुद्ध खंडोबा या तालमींच्या सामन्याला कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर जी गर्दी उसळते, ती इथल्या लीगमध्ये शोधू नये. खालच्या विभागातल्या सामन्याला राखीव खेळाडू आणि त्यांचे भाऊ एवढेच प्रेक्षक असतात.

लीग चालवते मुंबई फुटबॉल असोसिएशन. जुन्या खेळाडूंच्या तोंडी अजून तिचे ‘एमडीएफए’ (मुंबई डिस्ट्रिक्ट फुटबॉल असोसिएशन) हेच आधीचे नाव असते. तिच्या वर राज्याची ‘विफा’ (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन) ही संघटना आहे आणि आपली केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, त्याच विफाच्या छत्राखाली येते, हे ध्यानात ठेवावे. नोंदणीच्या वेळी ते उपयोगी पडते. या शहरातली लीगची परंपरा जुनी आहे. रोव्हर्स कप १८९१ मध्ये आणि हारवुड लीग १९०२ मध्ये सुरू झाली, आणि आरंभीची कित्येक वर्षे दोन्हींवर गोऱ्या पलटणींचा वरचष्मा होता. पुढे गिरण्या, बँका आणि सरकारी खाती यांचे संघ आले. त्यामुळे आजही नोकरदार खेळाडूंचा ‘कंपनी संघ’ आणि वर्गणीवर चालणारा क्लब असे दोन प्रकार इथे शेजारी-शेजारी दिसतात.

आता उतरंड पाहू. सर्वांत वर प्रीमियर लीग (शिखरावरच्या या विभागाला काही वर्षांपूर्वीपर्यंत एलिट म्हणत), तिच्या खाली सुपर डिव्हिजन, मग फर्स्ट, सेकंड आणि थर्ड. वरचे संघ चढतात, तळाचे उतरतात. हे आपल्याला नवे नाही. मात्र केएसएच्या वरिष्ठ गटात १६ संघ असतात आणि सगळ्यांची नावे पोराटोरांना पाठ असतात, तर इथे थर्ड डिव्हिजनमध्ये संघ इतके की त्यांचे गट पाडावे लागतात आणि गटात वर राहिलेल्यांना पुन्हा आपसांत खेळावे लागते. नव्या क्लबाला तळापासूनच सुरुवात करावी लागते. खेळाडूला ते बंधन नाही. ताकद असेल तर तो थेट सुपर डिव्हिजनच्या संघात जाऊ शकतो. ‘नवीन आहेस, आधी थर्डमध्ये दोन वर्षे काढ’ असे कोणी सांगितले, तर तो नियम नसून त्या क्लबाची गरज आहे, असे समजावे. मोठ्या क्लबांचे दुसरे संघ खालच्या विभागांत खेळत असतात आणि तिथून वरच्या संघात शिरणे मला तरी सर्वांत सोपे वाटले.

ज्या गोष्टीत मी स्वतः फसलो, ती नोंदणी आहे. खेळाडूची नोंद अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या संगणकीय प्रणालीत होते आणि एका वेळी एकाच क्लबाकडे राहते. गावच्या तालमीकडे तुमचे नाव अजून चालू असेल, तर आधी तिथून मोकळीक घ्यावी आणि ती हंगाम सुरू होण्यापूर्वी घ्यावी. एका क्लबाच्या चिटणीसांनी ‘कागद दिले आहेत, काळजी नको’ असे मला सांगितले, प्रत्यक्षात मुदत टळून गेली आणि मी अख्खा हंगाम पाण्याच्या बाटल्या उचलल्या. म्हणून आधार कार्ड, जन्मदाखला आणि छायाचित्रे स्वतःच्या हाताने द्यावीत आणि यादीत नाव आले की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

जिल्ह्याचाही एक पेच आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात, तर खारघर आणि पनवेल रायगडात. मुंबईची लीग तिसऱ्याच जिल्ह्याची. तरी कोणी अडवत नाही, कारण नोंदणी क्लबाची पाहतात, घराची नव्हे. ठाणे जिल्ह्यातल्या अंबरनाथचा संघदेखील मुंबईतच खेळत आला आहे. आपल्या नोडमधल्या टर्फवर रात्री भरणाऱ्या सेव्हन-अ-साइड लीग मात्र खासगी असतात. घाम गाळायला आणि ओळखी व्हायला त्या उत्तम आहेत, पण तिथल्या विजेतेपदाने या उतरंडीतली एकही पायरी चढता येत नाही.

सामने पावसाळा ओसरल्यावर सुरू होतात आणि बऱ्याचदा कामाच्या दिवशी दुपारी ठेवलेले असतात. दक्षिण मुंबईतल्या कूपरेज मैदानासाठी सीएसएमटीला उतरावे. वांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा मैदानासाठी वडाळा रोडला गाडी बदलावी लागते. (ज्यांच्या नावाचे हे मैदान आहे, त्यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले होते, पहिल्यांदा गेलात की एवढे आठवून आत जावे.) सात खेळाडू मैदानात नसतील, तर सामना सुरू होत नाही. एका मंगळवारी आम्ही सहा जण कूपरेजवर मोजे चढवून बसलो होतो आणि सातवा हार्बर मार्गाच्या लोकलमध्ये मानखुर्दजवळ अडकला होता. पंचांनी घड्याळ पाहिले, समोरच्या संघाला पूर्ण गुण मिळाले, आणि हंगामाच्या शेवटी आम्ही नेमक्या तेवढ्याच गुणांनी वर जायचे राहिलो. त्यामुळे क्लब निवडताना तो कोणत्या विभागात आहे हे जितके पाहाल, तितकेच त्याचे किती खेळाडू हार्बरवरून येतात हेही विचारून घ्यावे. दुपारी दोनचा सामना असेल, तर नेरूळहून साडेअकराची गाडी पकडावी. साहेबांकडे अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज त्याच्या आदल्या आठवड्यात गेलेला असावा.