थंडीत घर ऊबदार ठेवताना या चुका टाळा

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की निफाडकडे सकाळच्या चहासोबत एक चौकशी ठरलेली असते: आज कुंदेवाडीचा आकडा किती? तिथल्या गहू संशोधन केंद्रात नोंदलं जाणारं तापमान डिसेंबर-जानेवारीत पाच-सहा अंशांपर्यंत सहज उतरतं. विदर्भातही तीच गत. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती. आपली घरं मात्र ऊन आणि पाऊस डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली. वर सिमेंटचा स्लॅब किंवा पत्रा, खाली गार फरशी, खिडक्यांना बोटभर फटी. मग कडाक्याची थंडी पडली की आपण घाईघाईने दोन कामं करतो. फटी बुजवतो आणि घरात काहीतरी पेटवतो. ही दोन कामं एकाच खोलीत झाली की माणसं दगावतात. म्हणून आधी त्याबद्दलच सांगतो.

बंद बाथरूममध्ये गॅस गीझर, बंद खोलीत शेगडी

गॅस गीझर जळतो तो बाथरूममधल्याच हवेवर. एक किलो गॅस नीट जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा घरगुती गीझर दहा मिनिटांत दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस खातो, म्हणजे जवळजवळ दोन घनमीटर हवा. आता आपलं बाथरूम मोजा. पाच बाय सहा फूट आणि उंची आठ फूट धरली तर आत सात घनमीटरही हवा भरत नाही. थंडी येते म्हणून वरच्या झडपेत कापडाचा बोळा कोंबलेला, दाराखाली पायपुसणं सरकवलेलं. पहिल्याची अंघोळ होते, दुसऱ्याची होते. तिसरा आत जातो तेव्हा ज्योतीला हवा कमी पडायला लागलेली असते. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण कंपन्या तो वास मुद्दाम मिसळतात. ज्योतीतून निघणाऱ्या या विषाला तसा काही इशारा नसतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा याला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं त्राण जातं, आणि कडी काढायला हात उचलत नाही. कोळशाच्या शेगडीचंही तेच. निखारे लाल झाले, धूर थांबला, की 'आता काही भीती नाही' म्हणून शेगडी आत घेतात. खरं तर धूर नसलेला निखाराच हा वायू गुपचूप सोडत राहतो. आजीच्या काळातला तांब्याचा बंब परसात, फार तर उघड्या न्हाणीघरात पेटायचा. द्राक्षबागेत गारठ्याच्या पहाटे शेकोट्या करतात त्याही मोकळ्या आभाळाखाली. बाहेर करायची गोष्ट आपण चार भिंतींच्या आत आणली, तिथे चुकलो.

गीझर बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी बसवा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणा. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे. तोवर एक नियम पाळा: दार उघडं ठेवून बादली भरायची, गीझर बंद करायचा, मग दार लावून अंघोळ करायची. ज्योत निळी हवी. पिवळी, लांबुडकी झाली असेल किंवा गीझरच्या वरच्या अंगाला काजळी धरली असेल तर त्या दिवशी तो वापरूच नका, बर्नर साफ करून घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवर चालणारा अलार्म ऑनलाइन मिळतो. गॅस गीझर असलेल्या घरात तो असावा असं माझं ठाम मत आहे, घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर नक्कीच.

घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखतंय आणि अंगणात आल्यावर बरं वाटतंय, तर पित्त म्हणून सोडून देऊ नका. करोनाच्या काळापासून घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. तो इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं, म्हणून माणूस बेशुद्धीकडे झुकलेला असतानाही आकडा ९८ दिसू शकतो. आकड्यावर विसंबू नका. दारं-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना गीझर किंवा शेगडी चालू होती हे पहिल्याच वाक्यात सांगा. म्हणजे ऑक्सिजन द्यायला वेळ जाणार नाही.

गारठ्यात गॅस मंद येतो, मग सिलिंडर गरम करायचा?

अजिबात नाही. थंडीत आतल्या द्रव गॅसची वाफ कमी होते, दाब उतरतो, म्हणून अर्ध्याहून रिकामा सिलिंडर पहाटे मंद जळतो. त्यावर काही जण सिलिंडर उकळत्या पाण्याच्या घमेल्यात ठेवतात, काही जण आडवा पाडतात. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रवच रेग्युलेटरकडे येतो आणि शेगडीवर भडका उडतो. सिलिंडर उभाच ठेवा, गार फरशीवर टेकवण्याऐवजी लाकडी पाटावर ठेवा आणि ऊन वर आल्यावर स्वयंपाकाला लागा. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं.

साध्या प्लगवर हीटर

भिंतीवरचा छोटा प्लग ६ अँपिअरचा असतो, म्हणजे फार तर चौदाशे वॉटपर्यंतचा. पाण्यात सोडायचा रॉड दीड हजार वॉटचा, खोलीतला हीटर दोन हजारांचा. तरी जाड पिनेला कन्व्हर्टर लावून तो छोट्या प्लगमध्ये खुपसला जातो, नाहीतर टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डावर. हीटर अर्धा तास चालवून बंद करा आणि प्लगच्या पट्टीवर हात ठेवून बघा. चटका बसला, पट्टी पिवळी-तपकिरी पडली असेल किंवा जळका वास येत असेल, तर आत वायर भाजते आहे. हीटरला पॉवर प्लगच हवा, त्याची वायर थेट मेन बोर्डापासून स्वतंत्र आलेली हवी आणि अर्थिंग नीट चालू हवं. मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर थंडीच्या तोंडावर तेवढा एक खर्च कराच. रॉड असलेल्या बादलीत 'पाणी तापलं का' म्हणून बोट घालणाऱ्याला तोच वाचवतो. बोट घालायचंच तर आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग बोट.

हीटरवर ओले मोजे वाळवू नका, पडद्यापासून तो तीन फूट लांब ठेवा आणि झोपताना बंद करा. झोपायच्या आधी तासभर खोली तापवली तरी पुरते.

विजेच्या साठवण गीझरबद्दल एक वारंवार येणारी तक्रार आहे. पाणी तापताना त्याच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब गळतं. तापलं की पाणी फुगतं आणि ते फुगलेलं पाणी तिथून बाहेर पडतं, व्हॉल्व्ह त्यासाठीच आहे. त्याला एम-सील लावून बंद करणं म्हणजे टाकी फुटायची सोय करणं. गीझर बंद असतानाही धार लागत असेल तर मात्र व्हॉल्व्ह बदला.

सोलरला नेमकी थंडीत सावली

छतावरचा पाणी तापवायचा सोलर बहुतेक वेळा उन्हाळ्यात बसवतात. मे महिन्यात सूर्य डोक्यावर, सावली कुठेच नाही. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला नाशिकच्या अक्षांशावर दुपारी बारालाही सूर्य क्षितिजापासून ४६-४७ अंशांवरच असतो. दक्षिणेला सोलरपेक्षा दहा फूट उंच भिंत असेल तर भरदुपारी तिची सावली साडेनऊ फूट लांब पडते, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. शेजाऱ्यांनी वर्षभरात मजला चढवला असेल, आपल्याच जिन्याची खोली दक्षिणेला असेल, तर पाणी 'यंदा तापतच नाही' आणि आपण मेकॅनिकला नावं ठेवतो. नोव्हेंबरच्या एखाद्या दिवशी नऊ, बारा आणि तीन वाजता छतावर जाऊन सावली कुठे पडते ते बघा. पडतच असेल तर स्टँड हलवून घ्या. नळ्यांवर ऑक्टोबरची धूळ बसलेली असते, ती पहाटे नळ्या गार असताना ओल्या फडक्याने पुसा. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर ती तडकते. छतावरून खाली येणाऱ्या पाइपवरचं फोमचं आवरण उन्हाने भुगा झालेलं असेल तर तेही बदला, कारण टाकीत तापलेलं पाणी वाटेतच निवतं.

पत्र्याला घाम, आणि वरून डांबर

पहाटे अंथरुणावर थेंब पडतात. पाऊस तर नाही, मग पत्रा गळतो म्हणून लोक वर चढून डांबर लावतात. दुसऱ्या पहाटे पुन्हा थेंब. निरभ्र रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो आणि खोलीतला श्वास, चुलीची वाफ, उकळतं पाणी यांची ओल त्याच्या आतल्या बाजूला दंवासारखी जमते. ओळखायची खूण सोपी आहे. गळती एका ठिकाणी असते, बहुधा स्क्रूपाशी. घाम सगळ्या पत्र्याला सुटतो. त्याला उपाय आतूनच करावा लागतो: पत्र्याखाली आडोशाचं छत, आणि ओल बाहेर जाईल अशी वरच्या बाजूला जागा. उत्तरेच्या भिंतीला चिकटलेल्या कपाटामागे काळी बुरशी येते तिचं कारणही हेच. कपाट चार बोटं पुढे ओढा.

खिडक्या लावायच्या, पण वेळेवर

आपल्याकडे खिडक्या रात्री झोपताना लावतात. तोवर दिवसभराची ऊब निघून गेलेली असते. सहाच्या सुमाराला दिवस मावळायच्या आत उत्तरेच्या आणि पूर्वेच्या खिडक्या लावा, दक्षिणेच्या खिडकीतून दुपारचं ऊन फरशीवर मनसोक्त पडू द्या, सकाळी नऊ-दहानंतर सगळं घर उघडा. दाराखालच्या फटीला जुन्या गोधडीची वळकटी लावली तरी फरक कळतो. पण झोपायच्या खोलीची वरची एक झडप रात्रभर उघडीच राहू द्या. चार माणसं बंद खोलीत झोपली तर सकाळी काचा ओल्या आणि डोकी जड होतात. फरशीवर सतरंजी किंवा घोंगडी अंथरा, कारण पायातून जाणारी थंडी म्हाताऱ्या माणसांना सर्वांत आधी लागते. गोधड्यांना आठवड्यातून एकदा कडक ऊन दाखवा. ओल धरलेली गोधडी कितीही जाड असली तरी ऊब देत नाही.

घरी विहीर किंवा बोअर असेल तर आणखी एक गोष्ट करून बघा. पहाटे छतावरच्या टाकीतलं पाणी १४ अंशांवर आलेलं असतं, तेव्हा जमिनीच्या पोटातलं पाणी २४-२५ अंशांच्या आसपास कोमट असतं. विहिरीवर पहाटे वाफ दिसते ती त्यामुळेच, आणि द्राक्षवाले गारठ्यात बागेला पहाटे विहिरीचं पाणी सोडतात तेही त्याचसाठी. वीस लिटरची बादली १४ वरून ४० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट वीज लागते, २४ वरून न्यायला ०.४ युनिटही लागत नाही. टाकीचा नळ सोडण्याऐवजी मोटर लावून थेट बोअरच्या पाइपखाली बादली धरा.