मरीन पार्कचा झोनिंग मॅप आला की मच्छीमारांनी आधी काय बघायचं

मरीन पार्क म्हणजे समुद्रातला राखीव भाग, आणि त्याच्या कुठल्या पट्ट्यात (झोनमध्ये) काय चालेल ते दाखवणारा हा नकाशा आला की सगळे रंगच बघत बसतात, हिरवं म्हणजे बंद, निळं म्हणजे चालू. रंग राहू द्या, सोबतचा तक्ता आधी वाचा, कुठल्या झोनमध्ये कुठलं जाळं, किती गळ, नांगर टाकायचा की नाही हे सगळं तिथे असतं. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळ पट्ट्याचंच घ्या, तिथे पिवळ्या झोनमध्ये गळ टाकता येतो पण माणशी एक दोरी आणि एकच गळ, ट्रॉल जाळं ओढायचं फक्त फिकट निळ्यात, हिरव्यात मासेमारी बंद पण जाळी-गळ आवरून ठेवले तर होडी पार नेता येते. ही शेवटची सवलत तुमच्या पार्कच्या मसुद्यात आहे का बघा, नसेल तर रोजचा वळसा आणि त्याचं डिझेल तुमच्याच खिशातून.

मग सीमेचे कोऑर्डिनेट्स जीपीएसमध्ये टाका आणि तांडेलांना (होडी चालवणाऱ्या प्रमुखांना) बसवून कोण, कुठल्या महिन्यात, कशाने मासे मारतो ते नकाशावर काढा. खरा घोळ इथेच असतो. सरकारी ऑफिसकडचा डेटा बहुतेक मोठ्या बोटींचा, वल्ह्याची होडी त्यात दिसत नाही आणि ओहोटीला चालत जाऊन शिंपले, खेकडे गोळा करणाऱ्या बायका तर नाहीच नाही, म्हणजे कागदावर ती जागा रिकामी, आणि बंद करायला रिकामी जागाच सगळ्यांना सोयीची वाटते. त्यामुळे बायकांना मीटिंगला बोलवा, त्यांच्या खुणा त्यांच्याच हाताने काढून घ्या.

बंद जागेतल्या बोटी जाणार कुठे हेही विचारा. त्या शेजारच्या पट्ट्यात घुसतात, तिथे आधीच छोटे लोक असतात आणि त्यांना खोल पाण्यात जाणं परवडत नाही. बंदीमुळे मासळी वाढते हे खरंय, पण त्याला वर्षं लागतात, नुकसान मात्र पहिल्या दिवसापासून, म्हणून मधल्या काळाची भरपाई कोणाला आणि कशाच्या पुराव्यावर ते लेखी मागा. विक्रीच्या पावत्या आत्तापासून जपा.

हरकत लिहिताना 'पार्क नको' एवढंच लिहिलं तर फाइलला लागतं आणि विषय संपतो. ही रेषा या पॉइंटवरून त्या पॉइंटला सरकवा, कारण हे, असं लिहा. 2004 मध्ये रीफचा बंद भाग 5 टक्क्यांहून कमी होता तो 33 टक्के झाला, त्याआधी 31 हजारांवर हरकती-सूचना आल्या होत्या. सह्यांचा एकच गठ्ठा देण्यापेक्षा प्रत्येक गटाची वेगळी हरकत द्या, आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.