नोट्स वाटण्याआधी ऐकून बघा

प्रवेश आटोपले की दिव्यांग विद्यार्थ्यालाच विचारा: ब्रेल येते का, मोबाइलवर टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) वापरता का, मोठ्या अक्षरात वाचता येतं का. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरच्या टक्केवारीतून यातलं काहीच कळत नाही. मग विभागाच्या नोट्स एका पेन ड्राइव्हवर गोळा करून फॉन्ट बघा. घोडं बहुतेकदा तिथंच अडतं. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘मराठी’ दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, म्हणून एनव्हीडीएला, म्हणजे संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, तिथं ‘ई-जे-के-बी-एच’ सापडतं. नुसता फॉन्ट बदलून भागत नाही. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणायचा आणि रफार, जोडाक्षरं, अंक पुन्हा डोळ्यांखालून घालायचे.

छापील पुस्तकाचे मोबाइलवर काढलेले फोटो चालत नाहीत. ते निव्वळ चित्र. ३०० डीपीआयवर सरळ स्कॅन करा, मग ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं सॉफ्टवेअरनं ओळखून मजकूर करणं. त्यात ‘ख’चा ‘रव’ आणि ‘घ’चा ‘ध’ होतो, त्यामुळे तपासणीला एनएसएसची दोन मुलं बसवा: एकानं फाइल मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं पुस्तकात बोट ठेवायचं. प्रकाशकाच्या परवानगीसाठी खोळंबू नका. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं दिव्यांगांसाठी ना-नफा प्रत करायला मुभा दिली आहे. ती फाइल मात्र सगळ्या वर्गाच्या ग्रुपवर जायला नको.

शीर्षक नुसतं ठळक करणं म्हणजे न करण्यासारखंच. वर्डमध्ये हेडिंग स्टाइल द्या, म्हणजे एनव्हीडीएच्या ब्राउझ मोडमध्ये ‘एच’ दाबत एकेका शीर्षकावर उडी मारता येते.

आकृतीखाली दोन-तीन वाक्यांत वर्णन लिहा. स्पर्शानं कळायला हवी असेल तर पुठ्ठ्यावर फेविकॉलनं लोकर चिकटवा, पण एका पुठ्ठ्यावर पाच-सहाच भाग; जास्त झाले की बोटांखाली गुंता होतो. आणि कापसाच्या बोंडाची आकृती कशाला? सप्टेंबर-ऑक्टोबरात कुठल्याही वावरातून हिरवं बोंड आणा, आडवं कापून हातात द्या, कप्पे बोटांना मोजता येतात.

धारणी, एटापल्लीकडच्या गावांत रेंजच्या भरवशावर राहू नका. ऑडिओ दहा-दहा मिनिटांचे करा, ६४ केबीपीएसला एक जेमतेम ५ एमबीचा होतो, आणि मेमरी कार्डावर भरून द्या. अंधूक दिसणाऱ्यांना १८ पॉइंटची प्रिंट हवी. झेरॉक्स मोठी केली की अक्षरं फाटतात. कर्णबधिरांना नव्या संज्ञांची यादी तासाच्या आदल्या दिवशी.

शेवटी मॉनिटर बंद करा, इयरफोन लावा आणि तिसऱ्या प्रकरणातली एखादी व्याख्या शोधा. पाच मिनिटांत सापडली नाही तर फाइल परत पाठवा.