उन्हाने गेलेला डॅशबोर्ड: आधी प्लास्टिक ओळखा, मग बाटली उघडा

मे महिन्यात अकोला, जळगाव, चंद्रपूर या पट्ट्यात दुपारभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तळवा ठेवला तर दोन सेकंदही टिकत नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पारा ३८ अंशांच्या वर असताना तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांमध्ये हवेचं तापमान सरासरी ४७ अंश भरलं, आणि डॅशबोर्डचं ६९. आपल्याकडे गाडी तासभर नाही, ऑफिस सुटेपर्यंत तिथेच असते.

समोरची काच दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा पापुद्रा घालून बनवलेली असते, आणि तो पापुद्रा अतिनील किरण बहुतेक सगळे अडवतो. दारांच्या साध्या टफन्ड काचा तेवढे अडवत नाहीत, म्हणून डॅशबोर्डची दोन्ही टोकं आणि दारांच्या वरच्या कडा आधी पांढऱ्या पडतात. मधल्या भागाला मारते ती मुख्यतः उष्णता. म्हणूनच 'यूव्ही प्रोटेक्शन' लिहिलेली बाटली एकटी पुरत नाही. सावली हवीच.

आधी ओळख

नखाने दाबून आणि वाजवून बघा. टकटक आवाज आला आणि नख रुतलं नाही तर ते कडक पॉलिप्रॉपिलीन आहे. बहुतेक लहान गाड्यांत हेच असतं. ते उन्हाने सहसा चिरत नाही. पांढरट पडतं, आणि बोट फिरवलं की रांगोळीसारखी बारीक भुकटी हाताला लागते. नख रुतून पृष्ठभाग परत वर आला तर ते फोमवर चढवलेलं पीव्हीसीचं कातडं आहे, जुन्या सेदानमध्ये हमखास दिसणारं. या कातड्याला मऊ ठेवणारं द्रव्य उष्णतेने हळूहळू उडून जातं आणि काही अंशी समोरच्या काचेवर आतून तेलकट धुक्यासारखं बसतं. ती काच सारखी धुरकट होत असेल तर कातडं कोरडं होत चाललंय असं समजा. पुढे ते आकसतं, ताणतं आणि काचेजवळच्या एसीच्या झडपा, स्पीकरची जाळी, स्क्रूची भोकं अशा कोपऱ्यांपासून फाटायला लागतं. फटीत डोकावलं तर आतला पिवळा फोम दिसतो, बोट लावलं की बेसनासारखा चुरा होणारा.

तिसरा प्रकार म्हणजे चिकट झालेला भाग. बटणांभोवती, दारांच्या हँडलवर, मधल्या पॅनेलवर मऊ स्पर्शासाठी रबरी रंगाचा थर दिलेला असतो. उष्णता आणि दमट हवा मिळून तो थर विघटित होतो, म्हणून मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या गाड्यांत हा त्रास जास्त. तो मळ नाही. साबणाने कितीही घासा, चिकटपणा जात नाही.

स्वच्छता

काम सावलीत आणि डॅशबोर्ड थंड असताना करा, सकाळी सातला उत्तम. आधी मऊ ब्रशने खाचांतली धूळ काढून व्हॅक्यूमने ओढून घ्या. कोरड्या धुळीवर ओलं फडकं मारलं की चिखल होतो आणि तो प्लास्टिकच्या दाण्यात, म्हणजे खरखरीत पोतात, जाऊन बसतो. एक लिटर कोमट पाण्यात पाचेक मिली सौम्य कार शॅम्पू पुरे. मायक्रोफायबरचं फडकं बुडवून घट्ट पिळा आणि एका वेळी हातभर भागच घ्या. दाणेदार भागावर मऊ टूथब्रशने फक्त फेस फिरवा. दुसऱ्या, साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, तिसऱ्याने कोरडं करा. फवारा नेहमी फडक्यावर मारा, डॅशबोर्डवर कधीच नाही. पाणी बटणांच्या फटीतून स्विचमध्ये उतरलं की दोन महिन्यांनी हझार्डचं बटण अडकायला लागतं, आणि तेव्हा कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

गाडीवर आधी चकचकीत पॉलिश मारलेलं असेल तर त्यातलं सिलिकॉन शॅम्पूने जात नाही. कडक प्लास्टिकवर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन फडक्याने पुसा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट बोर्ड साफ करायला हे अल्कोहोल मिळतं. ग्लोव्ह बॉक्सच्या आतल्या बाजूला आधी लावून बघा. पीव्हीसीच्या कातड्यावर, छापील बटणांवर, स्क्रीनवर आणि मीटरच्या पारदर्शक कव्हरवर अल्कोहोल नको. मीटरच्या त्या कव्हरवर काच पुसायचा फवाराही नको. त्यावर केसासारख्या रेघा उमटतात आणि त्या जात नाहीत. नुसतं ओलं मायक्रोफायबर तिथे पुरतं.

पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, सॅनिटायझर, खोबरेल तेल, बुटाचं पॉलिश, यातलं काहीही लावू नका. खोबरेलाने चार दिवस काळंभोर दिसतं, मग धूळ धरते आणि तेल खवट होतं.

पांढरं पडलेलं कडक प्लास्टिक

भुकटी धुऊन काढल्यावर पाण्यावर आधारित, मॅट किंवा साटिन फिनिशचं ड्रेसिंग (प्लास्टिकवर चोळायचं द्रावण) लावा. लहान गाडीच्या अख्ख्या डॅशबोर्डला १० ते १५ मिली खूप झालं. स्पंजवर घेऊन पातळ पसरा, दहा मिनिटं थांबा, मग कोरड्या फडक्याने उरलेलं सगळं उचलून घ्या. हात फिरवल्यावर ओलसर लागलं तर जास्त झालंय. चकाकी हवीशी वाटते, पण ती घातक आहे. चकचकीत डॅशबोर्डचं प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडतं आणि दुपारच्या उन्हात समोरचा रस्ता धूसर होतो.

हीट गनने प्लास्टिक पुन्हा काळं करायची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. बंपरच्या काळ्या पट्टीवर ती काही काळ चालते. डॅशबोर्डवर करू नका. दाणा वितळून तिथे गुळगुळीत डाग पडतो, पातळ पॅनेल वाकतं, आणि खाली वायरिंग आणि एअरबॅग असते.

चिकट थर

तो थर टिकवता येत नाही, पूर्ण काढावाच लागतो. पॅनेल क्लिपांवरून सुटत असेल तर प्लास्टिकच्या पट्टीने उचकटून बाहेर काढा. स्क्रूड्रायव्हरने कडा खराब होते. ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पाच मिनिटं ओलं झाकून ठेवा, मग गोल न घासता एका दिशेने ओढा. काळा लगदा निघत राहील, फडकी बदलत राहा. दारं उघडी ठेवा, हातमोजे घाला, जवळ विडी-सिगारेट, दिवा, काहीही पेटतं नको. बटणांवरची चिन्हं त्याच थरावर छापलेली असतील तर तीही जातील, म्हणून बटणांपाशी थांबा. खालचं प्लास्टिक बहुतेकदा नीटनेटकं निघतं आणि तसंच ठेवलं तरी चालतं.

चिरा

कुठलीही चीर भरण्याआधी एअरबॅग कुठे आहे ते बघा. डाव्या सीटसमोर 'एसआरएस एअरबॅग' असं कोरलेलं असतं. त्या झाकणावर किंवा त्याच्या कडेला चीर असेल तर लांबी (पुट्टी), गोंद, रंग, कापड, काहीच लावू नका. ते झाकण ठरलेल्या रेषेवर फाटण्यासाठीच बनवलेलं असतं. घट्ट झालेलं झाकण वेळेवर उघडत नाही किंवा त्याचे तुकडे अंगावर येतात. तिथे पॅड, म्हणजे डॅशबोर्डचं वरचं आवरण, बदलणं हाच उपाय, आणि तो अधिकृत वर्कशॉपमध्येच. डॅशबोर्डचे पॅनेल सोडवायचे असतील तरी बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा आणि गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला वेळ थांबा.

इतर ठिकाणची चीर बोटभर लांब असेल तर घरी भरता येते. चिरेच्या दोन्ही टोकांना दीड-दोन मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. वर उचललेल्या, वळलेल्या कडा धारदार ब्लेडने तिरप्या कापून व्हीसारखी खाच करा. आतला चुरा झालेला फोम काढून टाका. आत पोकळी राहिली तर फुगणारा फोम भरून, सुकल्यावर कातड्याच्या पातळीखाली कापा. मग दोन भागांचा लवचिक प्लास्टिक फिलर पातळ थरांत भरा. डेंटिंग-पेंटिंगवाला पत्र्यावर वापरतो ती लांबी इथे चालत नाही. ती दगडासारखी कडक होते, डॅशबोर्ड उन्हात फुगतो-आकसतो, आणि पहिल्याच उन्हाळ्यात शेजारी नवी चीर पडते. फिलर पूर्ण सुकल्यावर पॉलिश पेपर आधी १८०, मग ३२०, शेवटी ४०० नंबरचा. बोटाचं टोक डोळे मिटून फिरवा. डोळ्याला न दिसणारी उंची बोटाला कळते.

रंगाआधी सिलिकॉनचा मागमूस राहता कामा नये, नाहीतर रंग जागोजाग फाटून बारीक खळगे पडतात. कातडं शॅम्पूच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा, आणि व्हिनाइलच्या (म्हणजे पीव्हीसीच्या) रंगासोबत त्याच कंपनीचं क्लीनर मिळालं तर तेच वापरा. पॉलिप्रॉपिलीनवर नुसता रंग धरतच नाही, आधी प्लास्टिकचा अ‍ॅडहीजन प्रमोटर (रंग धरून ठेवणारा थर) मारावा लागतो. मीटर, काच, झडपा मास्किंग टेप आणि वर्तमानपत्राने झाका. व्हिनाइलचा मॅट रंग २० ते २५ सेंटिमीटरवरून, तीन-चार पातळ हात, प्रत्येक हातानंतर दहा मिनिटं. एकाच जाड हातात दाणा बुजतो आणि ओघळ येतात. टेप रंग ओलसर असतानाच हळूच काढा, गाडी २४ तास उन्हात नेऊ नका.

चीर वितीपेक्षा मोठी असेल, तीन-चार चिरा असतील किंवा पॅनेलच वाकून काचेजवळ वर आलं असेल तर फिलरवर खर्च करू नका. कुर्ल्यासारख्या भंगार बाजारात त्याच मॉडेलचा, तळघरातल्या पार्किंगमध्ये वापरलेल्या गाडीचा पॅड शोधणं बरं. एअरबॅगचे भाग मात्र भंगारातून कधीही घेऊ नका.

राखण

समोरच्या काचेला आतून चिकटून बसणारी चंदेरी सनशेड, चमकती बाजू बाहेर. काचेपासून लोंबत राहिली तर तिचा निम्मा उपयोग जातो. ती नसेल तर पांढरा सुती टॉवेल डॅशबोर्डवर अंथरा. गाडी दुपारी लावताना पाठ पश्चिमेकडे करा. सावळ्या काचांचा विचार असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० लक्षात ठेवा: पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. काळी फिल्म लावून दंड भरण्यापेक्षा सनशेड स्वस्त.

ड्रेसिंग उन्हाळ्यात महिन्या-दीड महिन्याने, एरवी तीन महिन्यांनी पुरे.

आता डॅशबोर्डवरच्या वस्तू. रबरी अँटी-स्लिप मॅट उष्णतेने प्लास्टिकशी एकजीव होते आणि काढताना कायमचा ठसा सोडते. फोनच्या होल्डरचा सक्शन कप मऊ कातडं ओढून फुगवटा करतो, तो काचेवर लावा. गणपतीची मूर्ती दुहेरी टेपने बसवली असेल तर टेप ओढू नका. हेअर ड्रायरने मंद गरम करून, दातांच्या दोऱ्याने करवतीसारखं कापत सोडवा. आणि मूर्ती एअरबॅगच्या झाकणावर तर नकोच. अपघातात ती गोळीसारखी उडते. सगळ्यात जास्त नासधूस करते ती परफ्यूमची बाटली. सांडलेला द्रव तासाभरात प्लास्टिकचा रंग आणि दाणा खातो. सांडलाच तर पुसू नका, पुसल्याने पसरतो. टिश्यू दाबून टिपून घ्या, मग शॅम्पूच्या पाण्याने दोनदा धुवा. पांढरट खड्डा पडला असेल तर तो कुठल्याही पॉलिशने भरत नाही, तेवढ्या भागाला रंगच द्यावा लागतो.